सुबाभूळ तोडा, पण तोडून घरी जाऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या नदीकाठच्या झाडांवरून आपल्या पानावर गेले काही दिवस जी जुंपलीये ती मी रोज चहासोबत वाचतोय. एक बाजू म्हणते एकाही झाडाला हात लावाल तर याद राखा, दुसरी म्हणते अहो ती सगळी परकी सुबाभूळ आहे, एक जेसीबी लावा आणि मोकळे व्हा. दोन्हीकडच्या मंडळींना एकदा आमच्या पुलाखाली न्यायची इच्छा आहे, सकाळी साडेसहाला, जुने बूट घालून. तोपर्यंत हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे, कात्री लावा हवी तर, पण शेळ्यांचा भाग तेवढा ठेवा.

आधी गुन्हा कबूल करतो. ही सुबाभूळ मीच लावलीये. म्हणजे अगदी हीच झाडं नाही, पण हिची आजी-पणजी नक्की. १९८३ साली कॉलेजात होतो, एनएसएसचा कॅम्प होता दहा दिवसांचा, आणि काम काय तर सुबाभळीची रोपं करायची. बी इतकं टणक की नुसतं पेरून उगवायला वेळ लागतो, म्हणून घमेल्यात बिया ओतायच्या, वरून चुलीवरनं नुकतंच उतरवलेलं पाणी, आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी बिया फुगून टम्म. मग काळ्या पिशव्यांत माती-शेणखत आणि एकेका पिशवीत दोन-दोन बिया. उरलेल्या बिया आम्ही पोरांनी ओढ्याच्या काठाने मुठी भरभरून उधळल्या, अक्षता टाकाव्यात तशा. सर म्हणाले होते, वर्षभरात तुमच्या डोक्याच्या वर जाईल बघा. गेली. खरंच गेली.

आणि कुणाचा हेतू वाईट होता असं अजिबात नाही हो. बहात्तरच्या दुष्काळाचा चटका लोकांच्या अंगावर ताजा होता, जनावरांना चारा नाही, चुलीला सरपण नाही, आणि हे मेक्सिकोकडचं झाड आलं जे चाराही देतं, सरपणही देतं, वर हवेतलं नत्र मुळांत धरून जमीनही सुधारतं. आपल्या उरळीकांचनला मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेने चाऱ्यासाठी त्याचा प्रसार केला, सरकारच्या सामाजिक वनीकरणाने उचलून धरलं, नावातसुद्धा सु लागला, सुबाभूळ, म्हणजे आपली काटेरी ती नुसती बाभूळ आणि ही चांगली बाभूळ. पुढे १९८८ च्या सुमाराला तिच्यावर सायलिड नावाची बारीक कीड आली, कोवळ्या शेंड्यांतला रस शोषून टाकायची, मग लोकांचा उत्साह ओसरला. झाडं मात्र राहिली. आणि ज्या गुणांसाठी आणली होती, झटपट वाढणं, कुठंही रुजणं, तोडली तरी फुटणं, तेच गुण आज नदीकाठाला नडतायत. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर घुसखोर प्रजातींची एक यादी आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनी काढलीये, त्यात आमच्या या सु-कन्येचं नाव आहे.

आता मुठेचा काठ. मी पानशेतनंतरचा, म्हणजे एकसष्टच्या पुराच्या गोष्टी फक्त ऐकलेला, पण सत्तरच्या दशकातला काठ मला चांगला आठवतो. आजीबरोबर गोधड्या धुवायला जायचो. पाण्याच्या अगदी कडेला लव्हाळा, त्याच्यामागे शेरणीची झुडपं, लांबट पानांची, पुराचं पाणी आलं की प्रवाहाच्या दिशेला सपशेल लोटांगण घालायची आणि पाणी उतरलं की परत उभी. खडकात कुठेकुठे झाऊ. मग वाळुंज, ज्याच्या फांद्या पाण्यावर ओणवलेल्या असायच्या आणि त्यावर खंड्या बसलेला. त्याच्यावर करंज, उंबर, जांभूळ. उंबराची फळं टपटप पाण्यात पडायची आणि मासे वर यायचे ते बघत बसणं हा आमचा टीव्ही. वाळुंज म्हटलं की आजकालच्या पोरांना गाव आठवतं नाहीतर कुणाचं तरी आडनाव, झाड असतं हे माहीतच नाही. जांभूळवाडीत जांभळं किती उरली तो वेगळा विषय.

आज त्याच जागी उभं राहिलं की काय दिसतं? सुबाभूळ, सुबाभूळ, सुबाभूळ, मध्येच एखादा गुलमोहर, परत सुबाभूळ. मनगटाएवढ्या बुंध्यांची इतकी दाटी की आडवं होऊन शिरावं लागतं. खाली बघितलं तर जमिनीवर तिचीच बोटभर रोपं, मेथीच्या वाफ्यासारखी. दुसरं काही उगवायला ऊनच पोचत नाही. एकेका शेंगेत पंधरा-वीस बिया, शेंगा झुबक्यांनी लटकलेल्या, आणि ज्या आज उगवत नाहीत त्या मातीत दहा-दहा वर्षं गप पडून राहतात, मोका मिळाला की वर. पूर आला की बिया खालच्या गावाला. पूर ओसरला की या दाटीत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या सात-आठ फुटांवर तोरणासारख्या फडफडत असतात, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं आणि सिंहगड रोडच्या सोसायट्यांत शिरलं होतं ना, त्या पुरातल्या काही पिशव्या अजून तिथेच आहेत, मी रोज बघतो, एकीवर मिठाईवाल्याचं नाव वाचता येतं.

पक्षी अजिबात नाहीत असं म्हणणार नाही, खोटं बोलणं होईल. बगळे बसतात संध्याकाळी, वटवट्या असतो, कोतवाल असतो. पण शेरणी-लव्हाळ्याच्या मुळाशी जे किडे, बेडूक, माशांची पिल्लं लपायची ती जागा गेली. खंड्या आणि वेडा राघू मातीच्या उभ्या कडेला भोक पाडून घरटं करतात, ती उघडी मातीची कड या जाळीत झाकली गेली. पाण्यातही आता चिलापी मासा आणि वर जलपर्णी, म्हणजे वरून खालपर्यंत पाहुणेच, घरचे कुठेत ते शोधा.

तर सुबाभूळ काढायला पाहिजे, या मताचा मी पक्का आहे. पण काढायची म्हणजे काय, इथे घोडं पेंड खातं.

पाच वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमच्या पुलाच्या वरच्या अंगाला एका ठेकेदाराने शे-दीडशे पावलांचा पट्टा साफ केला. कुठल्या कामाचा भाग होता ते नीट कळलं नाही, बोर्ड नव्हता. दोन दिवस जेसीबी चालला. सुबाभूळ तर गेलीच, पण तिच्यात दडलेली दोन उंबरं गेली आणि वाळुंजाचं एक जुनं बेट गेलं. वाळुंजाची पानं त्या दिवसांत झडलेली असतात, ऑपरेटरला वाटलं वाळलेलंच झाड आहे. त्याचा तरी काय दोष, त्याला कोणी झाडाला खूण करून दिली नव्हती, चिठ्ठीवर "सुबाभूळ व इतर" एवढंच. हे "व इतर" फार वाईट असतं संपादक साहेब, या दोन शब्दांत अख्खं जंगल बसतं.

पुढच्या पावसाळ्यात त्या पट्ट्यावर आधी गाजर गवत आलं, छातीएवढं. मग जे बुंधे जमिनीलगत मोडून राहिले होते त्यांना फुटवे, एकाला आठ-आठ दहा-दहा. आणि माती हलल्यामुळे खालचं झोपलेलं बी सगळं जागं झालं. जिथे जेसीबीने बुंधे मुळासकट उपटले होते तिथला उतार पुरात घसरला, तीन-चार फूट काठ आत आला. म्हणजे हिशेब बघा, तोडायचा खर्च झाला, देशी झाडं गेली, माती गेली, आणि सुबाभूळ आधी होती त्याच्यापेक्षा दाट. आज तिथे जाऊन कोणालाही विचारा इथे कधी साफसफाई झाली होती का, हसतील.

हे बघूनच आम्ही सात-आठ जणांनी ठरवलं की आपण एक तुकडा घेऊ. मोठेपणा सांगत नाही, साठ पावलांचा तुकडा आहे, नदीच्या हिशेबाने काहीच नाही. रीतसर अर्ज केला, परवानगीला पाच महिने लागले. लागू देत, कायदा आहे, १९७५ चा, शहरात झाड तोडायला परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे, ती नसती तर आत्तापर्यंत "व इतर" च्या नावाखाली काय काय गेलं असतं.

पहिलं वर्ष आम्ही चुकण्यात घालवलं. दोन फुटांवर कापली, फुटली. जमिनीलगत कापली, फुटली. कोणीतरी सांगितलं मीठ टाका, कोणी म्हणालं डिझेल ओता, एकाने तणनाशकाचा डबाच आणला होता. म्हटलं अरे पाण्यापासून चार पावलांवर आहोत आपण, इथे ओतलं की संध्याकाळपर्यंत माशाच्या पोटात. डबा परत पाठवला. मग हळूहळू जमलं ते असं, मोठ्या झाडाची साल गुडघ्यापासून थेट जमिनीपर्यंत सोलायची, नुसती अंगठी केली तर खालून फुटतं, मुळाच्या खांद्यापर्यंत पूर्ण सोलायची आणि आतला ओला पापुद्राही कोयत्याच्या पाठीने खरवडायचा. झाड उभ्या उभ्या वाळतं, वर्षभर लागतं, पण मुळं माती धरून राहतात आणि सावली एकदम जात नाही. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतची पोरं आषाढ-श्रावणात, माती लोण्यासारखी मऊ असताना, दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढायची, तिरकी ओढलीत की मूळ तुटतं आणि परत फुटतं. उपटताना मुळांना बारीक गुलाबी-पांढऱ्या गाठी दिसतात, नत्राच्या, त्या बघून आमच्यातला एक रिटायर्ड शेतकी अधिकारी दर वेळी हळहळतो, म्हणतो केवढं गुणी झाड होतं हो. आम्ही त्याला म्हणतो तुम्ही ओढा.

आणि शेंगा. शेंगा वाळून तडकायच्या आधी उतरवायच्या, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. बाकी सगळं केलं आणि हे नाही केलं तर मूळ पदावर.

आता शेळ्या. आमच्या तुकड्याच्या मागच्या वस्तीतल्या एक मावशी रोज दहा-बारा शेळ्या घेऊन येतात. पहिल्याच दिवशी त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, "समदी तोडताय, मग माझ्या शेरडांनी काय खायचं, तुमचं बूट?" उत्तर नव्हतं आमच्याकडे. नदी स्वच्छ हिरवी दिसावी म्हणून आम्ही रविवारी येणार आणि हिचा रोजचा चारा तोडून जाणार, हे काही बरोबर नाही. मग बोलत बसलो. त्या म्हणाल्या हिचा पाला शेरडं उड्या मारून खातात, पण घोड्याला घातला तर आयाळीचे नि शेपटीचे केस गळतात, त्यांच्या सासऱ्यांच्या टांग्याच्या घोड्याचे गळले होते. हे खरं आहे बरं का, तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं त्याने होतं. तर तोडगा असा निघाला की मोठी झाडं आम्ही सोलतो, आणि ज्या बुंध्यांना फुटवे येतात ते मावशींच्या शेळ्यांचे. दर आठ-पंधरा दिवसांनी शेळ्या येऊन कोवळे फुटवे साफ करतात. सारखं सारखं खुडलं की बुंध्याची शिदोरी संपते, दोन-तीन वर्षांत मरतो. आम्ही आठवड्यातून एकदा येणारे, शेळ्या रोज येणाऱ्या, खरं काम कोणाचं ते तुम्हीच ठरवा. नव्या रोपांना तेवढं काट्यांचं कुंपण करावं लागतं, कारण शेळीला देशी-विदेशी कळत नाही. वाळलेलं लाकूड वस्तीतल्या घरांना जातं, जळण म्हणून उत्तम आहे, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

दुसरा विरोध सोसायटीकडून झाला. मॉर्निंग वॉकच्या एक ताई थांबल्या, मोबाइल काढला, शूटिंग चालू. "काका, झाडं मारताय तुम्ही? एवढं ऊन वाढलंय आणि झाडं मारताय?" मी चिडलो होतो आधी, पण खरं सांगू का, मला त्यांचा राग नाही येत. झाड तोडताना दिसलं की थांबून विचारणारी माणसं आहेत म्हणून पुण्यात अजून झाडं आहेत. मी त्यांना आत नेलं, सोललेलं झाड दाखवलं, त्याच्या सावलीत लावलेलं करंजाचं गुडघाभर रोप दाखवलं. त्या म्हणाल्या, पण मग हे सगळं फलकावर का नाही लिहिलंत? बरोबर होतं. पुठ्ठ्यावर लिहून टांगलंय आता, पावसात दोनदा लिहावं लागलं. त्या ताई आता शेंगांच्या टीममध्ये आहेत आणि आमच्यापेक्षा कडक आहेत, एखादी शेंग राहिली तर परत पाठवतात.

लावण्याबद्दल थोडं. वाळुंजाची फांदी, हाताएवढी लांब, थंडीच्या शेवटी ओल्या वाळूत तिरकी खोचली तर लागते, पैसे लागत नाहीत, नर्सरी लागत नाही. फांद्या आम्ही वरच्या अंगाला वाचलेल्या दोन झाडांवरून आणल्या. पाण्याच्या कडेला वाळ्याचे ठोंब, लव्हाळा तर माती मोकळी झाल्यावर आपोआप आला, कोणी बोलावलं नव्हतं. शेरणी मिळवायला पुण्याबाहेर ओढ्यापर्यंत जावं लागलं. पुरात झाडं जातात आणि लव्हाळा वाचतो हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय, पण लव्हाळा लावा असं कुठल्या टेंडरमध्ये लिहिलेलं तुम्ही पाहिलंय का? तिथे फोटोत दिसेल असं आठ फुटी रोप लागतं आणि त्याला लाल-पांढरा पिंजरा. काठावर, जिथे दर वर्षी पाणी चढतं, तिथे असलं रोप एका पुरात पिंजऱ्यासकट वाहून खाली बंडगार्डनला. आमची चाळीसेक वाळुंज लागली होती, पहिल्या पुरात निम्मी गेली. राहिलेली वाकली, गाळात गाडली गेली, आणि गाळातून वर आली. त्यांनाच ते जमतं.

कायद्याचं एक कोडं आहे ते मांडतो. २०२१ च्या दुरुस्तीपासून नियम असा आहे की तोडलेल्या झाडाचं वय जेवढं तेवढी झाडं लावायची. ठीकच आहे, वडा-पिंपळाला तर फारच चांगलं. पण पंधरा वर्षांची सुबाभूळ काढली की पंधरा झाडं, आणि नदीकाठावर दाटीने उभ्या असलेल्या शेकडो सुबाभळींच्या बदल्यात हजारो झाडं, ती काठावर मावणार कुठे, मग ती लागतात भलत्याच टेकडीवर नाहीतर रस्त्याच्या दुभाजकात, आणि काठ रिकामाच राहतो. शिवाय आकडा जुळवायचा म्हणून काय वाट्टेल ते लावलं जातं. टेकड्यांवर मागे गिरिपुष्प लावून ठेवलंच आहे की, ते तरी कुठलं आपलं. काठावर तोडलेल्याची भरपाई काठावरच, आणि झुडूप-गवत-लव्हाळा धरून मोजायची, अशी सोय व्हायला हवी. मी वकील नाही, पण हे काही फार अवघड नसावं.

घाईने काय होतं त्याची उदाहरणं बाहेरही आहेत. तमिळनाडूत २०१७ साली हायकोर्टाने वेडी बाभूळ, तीही परकीच, काढून टाकायचे आदेश दिले, जिकडेतिकडे जेसीबी धावले, आणि काही महिन्यांतच हायकोर्टालाच थांबा म्हणायची वेळ आली, आधी अभ्यास करा म्हणून. माझा पुतण्या अ‍ॅरिझोनात असतो, त्याने तिकडची गोष्ट सांगितली ती तर मजेशीर आहे, म्हणजे मजेशीर आपल्याला. आपल्या झाऊच्या भावकीतलंच एक झाड तिकडे नद्यांच्या काठी माजलंय, तिकडचे वाळुंज त्याने हटवले. म्हणजे आपल्याकडे जो बिचारा हरवत चाललाय त्याचा चुलतभाऊ तिकडचा गुंड. त्याला खायला त्यांनी २००१ पासून मुद्दाम एक भुंगेरा सोडला, भुंगेऱ्याने झाडं सपाट करायला घेतली, आणि मग लक्षात आलं की वाळुंज गेल्यापासून एक दुर्मिळ माशीमार पक्षी घरटी याच परक्या झाडावर करतोय. २०१० मध्ये सरकारने भुंगेरे सोडणं बंद केलं. आपल्या सुबाभळीवर संध्याकाळी बगळ्यांची रांग बसते ती बघताना मला हे आठवतं. आधी त्यांना बसायला दुसरं झाड उभं राहू दे, मग हे काढ. उलट दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून सरकार गरीब लोकांना मजुरी देऊन नदीकाठची परकी झाडं काढतंय, आणि एकदा काढलेल्या जागी पुन्हा पुन्हा जायचं हे त्या कामातच धरलेलं आहे. आपल्याकडे अडतं ते इथेच, परत जाण्यावर.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे, आणि ते नदीवर जे कोणी काम काढतील त्या सगळ्यांना आहे, सरकारी असोत की सोसायटीवाले. तोडायचं टेंडर वेगळं आणि देखभालीचं नंतर बघू असं करू नका. एकच काम, पाच वर्षांचं, आणि पैशाचा मोठा भाग दुसऱ्या ते पाचव्या वर्षाला ठेवा, पहिल्या वर्षाला नाही. पाच वर्षं द्यायला पैसे नसतील तर शंभर पावलांऐवजी वीस पावलं घ्या, चालेल, नदी कुठे पळून जात नाहीये. सुरुवात वरच्या अंगाने करा, कारण बी खाली वाहतं, खालून साफ करत वर जाणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. हत्यार चालवायच्या आधी झाडं ओळखणारा माणूस फिरू द्या आणि जे ठेवायचंय त्याला रंगाचा पट्टा मारू द्या, दिवाळीनंतरचं बोडकं वाळुंज ओळखेल असा माणूस. आणि त्या चिठ्ठीवरचं "व इतर" खोडा.

नदीकाठ सुधारायच्या प्रकल्पात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर पात्राच्या काठाचं काय होणार यावरून शहरात भांडण चालू आहे आणि ते चालू राहणार, मी त्यात या पत्रात पडत नाही, माझं मत आहे आणि ते ऐकायला घरी कोणी तयार नाही. पण दोन्ही बाजू सुबाभळीचं नाव आपापल्या सोयीने वापरतात ते बघवत नाही. एकांना झाड तोडायचं असलं की ते सुबाभूळ असतं, दुसऱ्यांना वाचवायचं असलं की सुबाभूळसुद्धा देवराईतली होते.

आमच्या तुकड्यात आता चौथं वर्ष चालू आहे. सोललेल्या झाडांपैकी बरीचशी पडली, काही मेलीच नाहीत, त्यांना परत सोलायचंय. उपटायची रोपं पहिल्या वर्षी पोत्यांनी निघायची, गेल्या पावसाळ्यात दोन घमेली निघाली. वरच्या पट्ट्यातून दर पुराला नवं बी येतंच, तो पट्टा कोणी घेतला तर आमचं काम निम्मं होईल. वाळुंजं माझ्या खांद्याला लागलीत. गेल्या महिन्यात त्यातल्या एकावर खंड्या बसलेला दिसला, फांदी इतकी बारीक की त्याच्या वजनाने खाली-वर होत होती आणि तो बापडा तोल सांभाळत पाण्याकडे बघत होता. मावशी म्हणाल्या, "बसलं की वो तुमचं पाखरू." सूर मारलान् त्याने, मिळालं काही नाही.

सध्या शेंगा वाळायला लागल्यात. वारा आला की अख्खा काठ खुळखुळ्यासारखा वाजतो, अजून दोन आठवडे, फार तर तीन, मग तडकतील. उंचावरच्या शेंगांना आकडी पुरत नाही, शिडी लागते, आणि आमच्या सातही जणांचे गुडघे आता शिडीचे राहिले नाहीत. कुणा तरुणाला रविवारी सकाळी वेळ असेल तर पुलाखाली यावं, पुठ्ठ्याचा फलक दिसेल. पोतं आम्ही देऊ, हातमोजे आपले आणा.

आपला,
एक नदीकाठकर, पुणे